कणगीमागची जागा

मी मूळची भोरची. पुण्यात एका ऑफिसात झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींचे नकाशे काढते. एकेका खोलीची घरं. अशाच एका जुन्या इमारतीतल्या बायकांना अडचणी विचारल्या, तेव्हा मला वाटलं, पाणी नाहीतर लिफ्ट निघेल. एक बाई म्हणाली, "रडायला जागा नाही."

त्याच पावसाळ्यात वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाडीवर मावशीकडे गेले. दोन खोल्या, नऊ माणसं, पडवीत शेळ्या. बाहेर पाऊस थांबत नव्हता.

"मावशी, इतकी माणसं सारखी आत. भांडणं होत नाहीत?"

"व्हत्यात की." तिनं हनुवटीनं धान्याच्या कणगीकडे दाखवलं. कणगी आणि भिंत यांच्यात एक बोळ होता, तिथं छोटा झरोका. "तितं बसलं की कोन हाक मारत न्हाई. माझी सासू लई कडक, पर तितं बसल्यावर तिनं बी कदी हाक मारली न्हाई."

मी टेप काढून मोजलं. जेमतेम दोन फूट. मग जाऊन बसले. घरातलं सगळं ऐकू येत होतं, पण माझ्याशी कुणी बोलेना. चहासुद्धा मी उठल्यावरच आला. एकटं बसायला बंद दार लागतं, असं मी आजवर धरून चालले होते.

पुढच्या नकाशात मी जिन्याजवळ खिडकीकडे तोंड करून बसायचा एक कोनाडा काढला.

"लोक तिथे सामान ठेवतील," साहेब म्हणाले.

"एखाद्या मजल्यावर करून बघू."

त्यांनी दोन मजले दिले.

लोक राहायला आल्यावर वर्षभरानं मी बघायला गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या कोनाड्यात चपलांचा रॅक आणि रिकामा सिलिंडर. मी खट्टू झाले. चौथ्यावर एक आजोबा पाठमोरे बसले होते. त्यांना विचारायला पुढे झाले, तर शेजारच्या ताईंनी मला बाजूला घेतलं.

"ते बसलेत. थोड्या वेळानं या."

"हे कुणी ठरवलं?"

"कुणीच नाही. पहिल्यांदा समोरच्या वहिनी बसल्या, तेव्हा त्यांच्या सासूबाईंनी पोरांना गप्प केलं. तेव्हापासून तसंच."

खाली येऊन तिसऱ्या मजल्यावर विचारलं. "हे कशासाठी आहे, ते आम्हाला कुणी सांगितलंच नाही," तिथली बाई म्हणाली. मी तिला मावशीच्या घरातलं सगळं सांगितलं. तिनं मन लावून ऐकलं.

महिन्याभरानं परत गेले. कोनाड्यातला सिलिंडर तिथून हलला होता. चपला तशाच होत्या.