मुलांना आठ, मुलींना पाच

किस्से जमवायला मला कधी कुठे जावं लागलं नाही. कॉलेजातल्या महिला तक्रार समितीचं अध्यक्षपद घ्यायचं, एका टेबलाशी एकटीनं बसायचं, किस्से आपल्या पायांनी चालत येतात. पूर्वी मी ते घरी जाऊन मिस्टरांना सांगायची. आता मिस्टर नाहीत आणि मुलगी पुण्याला नोकरीला. ती रविवारी फोन करते, पण तिला मध्येच दुसरा कॉल येतो. तिचंही बरोबर आहे. म्हणून म्हटलं तुम्हालाच सांगावं. कॉलेजचं नाव तेवढं विचारू नका, जालना जिल्ह्यातलं आहे एवढं पुरे.

*

आधी मी अध्यक्ष झाले कशी, ते ऐका.

स्टाफ मीटिंग होती. प्राचार्य सरांनी सांगितलं की कायद्यानं प्रत्येक कॉलेजात अशी समिती लागते. मुलगी म्हणून कुणाला वेगळं वागवलं, त्रास दिला, तर तिनं या समितीकडे यायचं. आणि अध्यक्ष सीनियर बाईच पाहिजे. हे ऐकल्याबरोबर सगळे वर पंख्याकडे बघायला लागले. पंखा बंद होता! आम्ही तीनच लेडीज स्टाफ. एकीचं बाळ लहान, दुसरी जालन्याहून अपडाऊन करणारी. राहिले मी, बॉटनीची.

फिजिक्सचे काकडे सर उठले. म्हणाले, "आपल्या मॅडम एकट्याच राहतात. घरी जाऊन त्यांना काय काम?"

टाळ्या पडल्या, ठराव एकमतानं मंजूर. माझा एकटेपणा असा मिनिटबुकात गेला. नंतर काकडे सर पेढा घेऊन आले. राग आला होता, पण पेढा चांगला होता, खाल्ला.

*

दुसऱ्या दिवसापासून मी स्टाफरूममध्ये पाय ठेवला की बोलणं बंद. हेच लोक आधी माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी न विचारता घ्यायचे. आता काकडे सर माझ्या लॅबमध्ये काही कामासाठी आले, तर दार सताड उघडं ठेवायचे आणि ते मिटू नये म्हणून त्याला खुर्ची लावायचे. अहो, मी पन्नाशी ओलांडलेली बाई, माझे गुडघे दुखतात!

शनिवारी मी जालन्याला जाते. तिथून पुढे कधीकधी आष्टीला, भावाकडे. जाफराबादकडून येणारी जीप भरूनच येते, तरी आमचे दोन सर त्यातच असायचे आणि सरकून मला जागा करून द्यायचे. समिती झाल्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी मी चढले तसे दोघे खाली उतरले. म्हणाले, बसा मॅडम, आम्ही मागच्या जीपनं येतो. ड्रायव्हर बिचारा धंदेवाला माणूस. त्यानं रिकाम्या जागेवर कांद्याची दोन पोती टाकली. जालन्यापर्यंत माझ्या शेजारी तीच.

चहाचंही तसंच. आमचे शिपाई रशीदमामा एक दिवस कप घेऊन थेट लॅबमध्ये माझ्या टेबलाशी आले. बिचाऱ्यांना फार अवघड वाटत होतं. "मॅडम, सगळे म्हणून राह्यले, तुमचा चहा इकडंच देत जा."

मी म्हटलं, बरं, द्या इकडंच. तेव्हापासून मी चहा एकटीच पिते. इतक्या वर्षांची सवय होती हो त्या गोंगाटाची. अजून करमत नाही.

*

मग तक्रारपेटी बसली. महिन्यानं ती समारंभानं उघडली. फोटोग्राफर, गुलाबाची फुलं, सगळं. आत चिठ्ठ्या बऱ्याच निघाल्या. प्राचार्य सर घाबरले, कॉलेजात इतका अन्याय!

पहिली चिठ्ठी कॅन्टीनच्या समोशाबद्दल. दुसरी एका मुलाची. मुलींच्या स्कूटीला झाडाखाली सावली आणि आमच्या गाड्या उन्हात, हा मुलगा म्हणून भेदभाव आहे, समितीनं न्याय द्यावा. मी ती मुद्दाम मोठ्यानं वाचली, कारण तक्रार अगदीच चुकीची नव्हती. मुलांनाही शेड करून दिली आम्ही. समितीचा पहिला निकाल तो!

शेवटच्या चिठ्ठीवर नाव नव्हतं. एवढंच होतं की बॉटनीच्या मॅडम पूर्वी वर्गात हसायच्या, आता हसत नाहीत, त्यांना कोणी काही बोललं का? ती मी वाचली नाही. पर्समध्ये टाकली.

*

खरी तक्रार पेटीतून आलीच नाही, ती स्वतः चालत आली. सारिका नाव, एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला. गावाच्या त्या टोकाला राहते, घरची थोडी कपाशी. घर म्हणजे एकच खोली, त्यात टीव्ही, खोकणारे आजोबा आणि मोठा भाऊ. तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करत होती आणि अभ्यासाला बसायला जागा एकच, आमची रीडिंग रूम. तिथं पाटी होती: मुलांसाठी आठपर्यंत, मुलींसाठी पाचपर्यंत. तिचं कॉलेजच सुटायचं साडेचारला.

मी विचारलं, पेटीत का नाही टाकलंस? ती म्हणाली, पेटी उघडेपर्यंत अभ्यासाचा महिना वाया जाईल. मग म्हणाली, "मॅडम, पेपर आम्हाला पण तोच, पोरांना पण तोच. मंग अभ्यासाला टाइम कमी का?"

मी त्या पाटीसमोरून वर्षानुवर्षं जात होते. मला कधी काही खटकलंच नव्हतं.

*

मीटिंग लावली, सारिकालाही बोलावलं. मी समितीची नियमावली वाचून दाखवली. सुरक्षेचं कारण सांगून मुलींना मुलांपेक्षा वेगळे, जाचक नियम लावता येत नाहीत, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. प्राचार्य सर माणूस वाईट नाही. त्यांचं म्हणणं एवढंच की या सगळ्या आपल्या लेकी, दिवाळीनंतर सहालाच अंधार पडतो, मुलगी आठ वाजता घरी जाणार कशी?

सारिका म्हणाली, "पाचला जाते तशीच सर. रस्ता तोच हाय."

सर म्हणाले, अगं पण तिथं अंधार असतो ना.

"मंग दिवा लावा सर."

ऑफिसच्या सुपरिंटेंडेंट साहेबांनी लगेच लिहून घेतलं, एक दिवा. आणि बघा, आमच्याकडे कामं होत नाहीत असं म्हणू नका. आठ दिवसांत गेटबाहेर खांब उभा! संस्थेच्या अध्यक्षांनी नारळ फोडला आणि स्त्रीशक्तीवर बिलकुल न थांबता भाषण ठोकलं. टाळ्या वाजवायला मुली पाहिजेत म्हणून मुलींना सातपर्यंत थांबवून घेतलं. भाषण संपल्यावर मोरे सर, म्हणजे आमचे लायब्रेरियन, मुलींना म्हणाले, चला पोरींनो, तुमचा टाइम कधीच संपलाय.

पाटी होती तशीच होती. दिव्याखाली रोज मुलंच गाड्या लावून गप्पा मारत बसायची.

*

मी नाद सोडला नाही. घरी जाऊन मला काय काम! अर्जावर अर्ज दिले, वर कळवीन असं मी बजावलं, तेव्हा पाटी निघाली. पण प्राचार्य सरांनी दोन अटी घातल्या. एक, लेडीज स्टाफपैकी कुणीतरी आठपर्यंत हजर पाहिजे. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, ते सांगायला नको. दुसरी अट म्हणजे रोज निदान एक मुलगी आली पाहिजे. ज्या दिवशी एकही आली नाही, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून परत पाच. लाइट काय फुकट येते का, असं काकडे सरांनी विचारलं. मुलांच्या बाजूलाही तेच लाइट होते, पण ते जाऊ द्या.

पहिल्या दिवशी खूप मुली आल्या, सेल्फी काढले, माझ्यासोबतही काढले. मला तर लग्नघरात बसल्यासारखं वाटलं. मग हळूहळू गळती लागली. कुणाचे वडील नको म्हणाले, कुणाच्या काकांनी गावात काहीबाही ऐकलं. शेवटी राहिली एकटी सारिका. आठला तिचा भाऊ बाइकवर यायचा. मुलांच्या बाजूला सगळी बाकं भरलेली, आमच्या बाजूला आम्ही दोघी. ती गणितं सोडवायची, मी पेपर तपासायची. बोलणं फार नसायचं. पण तुम्हाला खरं सांगते, दिवसभरात मला तेवढ्याच वेळाची ओढ असायची.

*

मग भावाला जालन्यात कंपनीत काम लागलं, तो तिकडेच राहायला गेला. त्या दिवशी दुपारी सारिकानं येऊन सांगितलं, आजपासून जमणार नाही. मी तिच्या वडिलांना फोन केला. मुलींना मुलांइतकाच हक्क आहे, ती आली नाही तर पाटी परत लागेल, तिच्या परीक्षेचं वाटोळं होईल, सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, कायदा बराबर हाय तुमचा. पण पोरीला आनायला कोन येईल? माझी पाळी हाय आज रातची, पाण्याच्या मोटारीवर."

याचं उत्तर माझ्या नियमावलीत नव्हतं. मी सोडीन म्हटलं, तर म्हणाले, बाईमाणसानं बाईमाणसाला सोडायचं म्हणजे तेच झालं. मी फोन ठेवला.

संध्याकाळी मी नेहमीच्या जागी जाऊन बसले. साडेसहा झाले. समोर पेपर होते, पण एकही तपासला नाही. मोरे सर कुलूप हातात घेऊन दोन चकरा मारून गेले. त्यांना वरून सांगितलेलं होतं, आज कुणी आलं नाही तर सातला मुलींची बाजू बंद. मला वाटलं, संपलं आता. उद्यापासून पाचला घरी जायचं, कुकर लावायचा, टीव्ही लावायचा. त्या पोरीची काळजी होतीच, पण मला माझ्यासाठीही रडू आलं. खोटं कशाला बोलू?

सात वाजायला आले आणि सारिका दारात. मागे तिची आई. वेचणीवरून तशीच आलेली, पदराला कापूस चिकटलेला. सारिका आपल्या जागी बसली, पुस्तक उघडलं. आई माझ्या शेजारी बसायला लागल्या तसे मोरे सर पुढे आले. आयकार्ड असल्याशिवाय इथं बसता येत नाही, म्हणाले.

"मी कशाला वाचायला येऊ? पोरीला घ्यायला आल्ते."

मोरे सर म्हणाले, पण मुलगी तर तुमच्यासोबत आत्ताच आली.

"हाव. मी जरा लवकर आले."

मोरे सरांनी माझ्याकडे बघितलं. मी नियमावली काढली, उगाच पानं चाळली आणि सांगितलं, मुलीला न्यायला लवकर येऊ नये असा कुठंही नियम नाही. ते कुलूप घेऊन परत गेले. आईंनी बाकावर डोकं टेकलं आणि लगेच झोपल्या. मी पेपर तपासायला घेतले.

आठ वाजता मुलं निघून गेली. आम्ही तिघी गेटबाहेर आलो. त्यांचं घर उजवीकडे गावाच्या टोकाला, माझं डावीकडे बसस्टँडमागे. येते म्हणून मी वळले, तर आईंनी हाक मारली.

"मॅडम, तुम्हाला घ्यायला कोन येतं?"

मी म्हटलं, कुणी नाही, मी रोज एकटीच जाते.

त्यांनी सारिकाची बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि डावीकडे वळल्या.

"मंग चला. आधी तुम्हाला सोडतो."