तीन मृत्यू, मुक्काम नांदे

मृत्यूची नोंद पवित्र असते, असं आमचे साहेब प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगत. नोंद करायची वेळ आली की ते पेनाऐवजी पेन्सिल मागत.

मी मलेरियाचं काम बघणारा आरोग्य निरीक्षक होतो. नांद्याजवळच्या एका बांधकामावर दोन पावसाळ्यांत तीन मजूर गेले. तिघेही सप्टेंबर-ऑक्टोबरात, भात पोटरीत असताना. पाऊस ओसरतो, पाणी साचून राहतं, डासांना निवांतपणा मिळतो. आमच्या नकाशावर मात्र नांदे कोरं. आमच्याकडे मृत्यू आधार कार्डावरच्या पत्त्यावर टाकायची पद्धत होती. एक झारखंडला गेला, एक बिहारला, एक ओडिशाला.

मी दुसरा नकाशा केला. आजारी पडण्याआधी माणूस जिथे झोपत होता, तिथे टाचणी. तिन्ही टाचण्या एकाच पत्र्याच्या वस्तीवर पडल्या. शेजारी पाण्याने भरलेलं तळघर.

साहेबांनी नकाशा पाहिला. "इम्पोर्टेड केसेस." म्हणजे ताप बाहेरून आणलेला.

"सर, डास चावल्यावर ताप यायला साधारण दोन आठवडे लागतात. शेवटचा माणूस आठ महिने इथून हललेला नाही."

"लिहून कोण देतंय?"

लेखी हवंच होतं. केस स्थानिक ठरली तरच वस्तीत फवारणी मंजूर होणार होती. शेवटच्या मजुराची बायको फूलमणी दोन तापलेली पोरं घेऊन तिथेच राहत होती. पोरांना गोळ्या मी दिल्या, पण डास तेच होते.

ठेकेदाराने हजेरीपट दाखवला नाही. मग वस्तीच्या जागेचे मालक तात्या यांच्याकडे गेलो. त्यांच्या खोल्या हिंजवडीच्या आयटीवाल्यांना भाड्याने दिलेल्या.

"तात्या, फूलमणीचा नवरा इथंच होता, एवढं लिहून द्या."

"व्हय, हितंच हुता. पन लिवून न्हाई देनार. गावाचं नाव झालं तर माज्या खोल्या घेनार कोन? तुमी? तुमच्या पगारात परवडत्याल व्हय?"

"माणसं मरतायत, तात्या."

"सायेब, मानसं कुटं मरत न्हाईत?"

फूलमणी अंगठा द्यायला तयार होती. साहेबांनी तिचंही आधार मागितलं. पत्ता झारखंडचा निघाला. "बघा," ते म्हणाले.

आठवड्याभरात फूलमणी पोरांना घेऊन गावी निघून गेली. मागोमाग बाकीचेही. वस्ती रिकामी झाल्यावर मला अहवाल लिहायला लावला: नवीन रुग्ण नाही. तो खरा होता, म्हणून मी सहीही केली.

त्या वर्षी मलेरियाने एकही मृत्यू न झाल्याबद्दल आमच्या ऑफिसला प्रमाणपत्र मिळालं. समारंभाच्या आदल्या दिवशी सभागृहात फवारणी झाली. व्यासपीठामागे डास फार होते.