खंडेनवमीचा कंपाइल

सुमाकाकू गणिताची शिक्षिका. म्हैसूरजवळ वरुणा गावाकडच्या एका सरकारी शाळेत शिकवते आणि रोज स्कूटरवर जाते-येते. वाटेत दुधाचे कॅन लावलेल्या मोटारसायकली तिला मागे टाकून जातात. ती मात्र कुणालाच मागे टाकत नाही. माहेर सरगूरचं. लग्न होऊन ती म्हैसुरात नजरबादच्या आमच्या घरी आली, तेव्हा मी शाळेत होते. तिच्या मराठीत अर्धी कन्नड, आमच्या घरच्या मराठीत पाऊण. म्हणून तिला इथं रुळायला वेळ लागला नाही, असं अज्जा म्हणतात. अज्जा म्हणजे माझे आजोबा, अंबाजीराव.

शाळेतली कंप्यूटरची खोली काकूनंच उभी केली. शहरातल्या एका ऑफिसनं जुने कंप्यूटर काढून टाकले, तेव्हा ते मागून घेऊन एका पालकाच्या उसाच्या ट्रॉलीतून तिनं शाळेत नेले. त्यांच्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घातली. हे सगळं ती पुस्तकं वाचून आणि मला फोन करून शिकली. मी बंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझ्या ऑफिसात पडद्यावर चूक उमटली की आम्ही ती न वाचताच इंटरनेटवर शोधतो. काकू चूक मोठ्यानं वाचते, अगदी पोराच्या उत्तरपत्रिकेतली ओळ वाचावी तशी, आणि मग म्हणते, "हां, म्हणजे तुला काय म्हणायचंय?"

यंदा दसऱ्याच्या सुट्टीला मी घरी आले, तर तिच्या खोलीत टेबलावर शाळेतला एक कंप्यूटर येऊन बसलेला.

"हा का आणलास गे?"

"परीक्षेला बसवलाय," काकू म्हणाली. "हा पास झाला तर सगळे पास. नापास झाला तर माझ्या खोलीत तांदूळ."

झालं होतं असं. बिसियूटाचा, म्हणजे दुपारच्या जेवणाचा तांदूळ ठेवायची शाळेतली खोली गळायला लागली होती. हेडमास्तरांना पोत्यांसाठी कोरडी जागा हवी होती, आणि शाळेतली सर्वांत कोरडी खोली काकूची. ते तिला म्हणाले होते, "टीचर, तुमची यंत्रं नुसती धूळ खातात. सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या दिवशी पोरं त्यांच्यावर काही शिकताना दिसली तर राहू देत. नाही तर यंत्रं भंगारात, पोती आत."

काकूला रागही येईना, कारण त्यांचं म्हणणं खरं होतं. यंत्रं चालत होती, पण त्यांच्यावर शिकवण्यासारखं काही नव्हतं. शाळेत इंटरनेट नाही. शेवटी काही हौशी मंडळींनी तयार केलेले कन्नड धडे तिला मिळाले. चित्रं हलणारे, प्रयोग दाखवणारे, अगदी हवे तसे. अडचण एकच. ते धडे दाबून, घडी घालून ठेवलेले होते. जो धडा उघडाल तेवढीच घडी उलगडते. सगळे एकदम उलगडले तर त्या जुन्या डिस्कमध्ये मावायचे नाहीत. आणि घडी उलगडणारा प्रोग्राम इतका नवा, की तिच्या जुन्या कंप्यूटरसाठी तो तयार कुणीच देत नव्हतं. मात्र त्याचा सोर्स, म्हणजे मूळ लिहिलेला मजकूर, सर्वांसाठी खुला होता.

"माझ्या लॅपटॉपवर बनवून देते," मी म्हटलं आणि दिलाही. जुन्या यंत्रानं तो घेतला नाही. लॅपटॉपवरचं सगळं नवं, त्याच्याकडचं सगळं जुनं.

"बरं झालं," काकू म्हणाली. "उद्या बिघडलं तर तू काय बंगळूरहून धावत येणार? इथंच कंपाइल करू. सगळे एकाच जातीचे आहेत. एकावर झालं की बाकीच्यांवर नुसतं कॉपी."

कंपाइल म्हणजे माणसानं लिहिलेला सोर्स यंत्राला चालवता येईल असा करून घेणं. काकूनं आज्ञा दिली आणि पडद्यावर ओळी धावू लागल्या. ती भाजी निवडत बघत बसली. थोड्या वेळानं काम मध्येच कोसळलं आणि ओळी थांबल्या. 'सेगमेंटेशन फॉल्ट.'

"सोर्समध्ये चूक असेल," मी म्हटलं. पुन्हा लावलं. या वेळी आधीची फाइल सुरळीत पार झाली आणि पुढच्या भलत्याच फाइलवर गाडी अडली. तिसऱ्यांदा आणखी तिसरीकडेच. मी सोर्सची जुनी आवृत्ती आणली, वेगवेगळे पर्याय घालून पाहिले. दोन दिवस हाच खेळ. अज्जा येता-जाता डोकावायचे. "काय, तुमचा घोडा अजून अडलेलाच?"

आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार होते. त्यामुळे अज्जांच्या बोलण्यात घोडा येतोच. त्यांनी स्वतः जन्मभर पोस्टात नोकरी केली आणि सायकलशिवाय कशावर मांड टाकली नाही, ही गोष्ट वेगळी.

अष्टमीच्या सकाळी काकू माझ्याशेजारी येऊन बसली. हातात कॉफी होती, ती प्यायलीच नाही.

"शरण्या, एक सांग. जो पोर दर वेळी त्याच गणितात चुकतो, त्याला ते गणित कळलेलं नसतं. होय ना?"

"होय."

"आणि जो दर वेळी वेगळ्या गणितात चुकतो?"

मी पडद्यावरची अडलेल्या फाइलींची नावं पाहू लागले.

"अय्यो, त्याला ताप आलेला असतो गे!" आणि तिनं पालथा हात कंप्यूटरच्या डब्यावर ठेवला, पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. लगेच मागे घेतला. डबा चांगलाच तापला होता.

हे मला आधी सुचायला हवं होतं, पण त्या क्षणी मला फक्त हसू आलं. रोजच्या किरकोळ कामात यंत्र नुसतं बसलेलं असतं. कंपाइल करताना ते जीव तोडून राबतं, आणि ताप तेव्हाच चढतो.

आम्ही डबा उघडला. आतल्या पंख्याच्या पात्यांमध्ये काहीतरी तपकिरी अडकलेलं होतं. काकूनं चिमट्यानं ओढलं. वाळलेल्या शेवंतीच्या पाकळ्या. मग आणखी पाकळ्या, देठ, आणि तळाशी कुंकवात माखलेल्या अक्षता.

"हे कुणी भरलं आत?" मी विचारलं.

काकूनं पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते.

"मीच की! दर वर्षी शाळेत आयुधपूजा करतो ना आम्ही. डब्यावर फूल ठेवलं की घसरून पडतं. पण बाजूच्या जाळीत देठ खोचला की कसं झकास बसतं! पोरांनाही मीच शिकवलं. सगळ्या यंत्रांना!"

"म्हणजे सगळ्यांनाच ताप?"

"सगळा वर्ग आजारी, आणि मास्तरीणच साथ पसरवतेय."

दाराशी उभे राहून अज्जा ऐकत होते. "देवाला वाहिलेलं निर्माल्य दुसऱ्या दिवशी काढायचं असतं, सुमा. ते खायला घालायचं नसतं."

"मामंजी, तुमच्या तलवारीला पंखा नाही म्हणून तुम्हाला बोलायला सोपं आहे."

तो दिवस सगळा साफसफाईत गेला. तसंही खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे प्रत्येक हत्यार पुसलं जातं. अज्जा अंगणात तलवारीला तेल लावत होते, काका स्कूटर धूत होते आणि काकू ब्रशनं पंख्याची पाती झाडत होती.

नवमीला सकाळी तिनं पुन्हा कंपाइल लावलं. अडखळ आलीच नाही. आधी जिथं जिथं कोसळलं होतं ती ठिकाणं मागे पडली आणि प्रोग्राम तयार झाला. मी टाळी वाजवली. काकू म्हणाली, "थांब. अजून चाचण्या." सोर्सबरोबर चाचण्याही आल्या होत्या. त्या फाइल दाबतात, उलगडतात आणि जशीच्या तशी परत आली का ते ताडून पाहतात. "धडा उलगडला आणि सातच्या जागी नऊ आले तर? तसली यंत्रं भंगारातच बरी." तिनं चाचण्या लावल्या. त्या कंपाइलपेक्षाही सावकाश चालल्या.

इकडे अज्जांची हाक आली. "पूजेची वेळ झाली. सगळी हत्यारं आणा."

आमच्या घरचा नियम असा, की एकदा पूजा झाली की हत्याराला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हात लावायचा नाही. विळी, सुरी, स्कूटर, लॅपटॉप, सगळ्यांना सुट्टी. त्या दिवशीची भाजीसुद्धा आधीच चिरून ठेवलेली असते.

"मामंजी, हे चाललंय अजून," काकू म्हणाली. "बंद केलं तर पहिल्यापासून. जरा थांबता येईल?"

"वेळ कशी थांबणार?"

"मग याला वगळू या."

"शाळेचं हत्यार घरात आलंय आणि त्याला वगळायचं? छे!" अज्जा पडद्यावरच्या धावत्या ओळी बघत राहिले. मग म्हणाले, "घोड्याची पूजा काय घोड्याला झोपवून करतात? चालू दे. उभ्या घोड्याचीच पूजा करू."

तलवार, विळी, स्कूटरची किल्ली, माझा लॅपटॉप आणि घरघरणारा डबा एका रांगेत. अज्जांनी डब्याला विभूती ओढली, कुंकू लावलं. फूल त्यांनी हातात घेतलं, काकूकडे पाहिलं आणि टेबलावर ठेवलं, डब्यापासून चांगलं वीतभर दूर. आरतीच्या वेळी कापराची ज्योत पंख्याच्या वाऱ्यानं आडवी झाली, तर ते म्हणाले, "श्वास चांगला घेतोय आता." मग कडलेपुरी वाटली. चुरमुरे आणि फुटाणे चघळत आम्ही पडद्याकडे वळलो, तर पडदा काळा.

"बंद पडलं?" काकूचा आवाज चिरकला.

"नाही, पंखा चालूय. नुसता पडदा झोपलाय. माऊस हलवला की..." मी हात पुढे केला.

"बेड! नको!" अज्जा कडाडले. "पूजा झाली. हात नाही लावायचा."

"मामंजी, नुसतं बोट."

"बोट हाताला नसतं का?"

काकूनं हात मागे घेतला. त्या दिवशी तिनं काय केलं नाही! पापड वाळत घातले, कपाट आवरलं, शेजारी कडलेपुरी देऊन आली, आणि प्रत्येक फेरीला त्या काळ्या पडद्यासमोर थांबली. एकदा तर त्यावर फुंकर घालून पाहिली. "फुंकर म्हणजे हात नाही," ती अज्जांना म्हणाली. संध्याकाळी पंख्याचा आवाज हळू झाला, म्हणजे चाचण्या संपल्या होत्या. कशा संपल्या, ते कुणालाच माहीत नव्हतं.

विजयादशमीला सकाळी अज्जांनी तलवार उचलून परत पेटीत ठेवली. तलवार पेटीत गेली की सगळी हत्यारं मोकळी. काकू ओल्या केसांनीच धावली. तिनं एक कळ दाबली, पडदा जागा झाला आणि ती मोठ्यानं वाचू लागली. शेवटची ओळ तिनं दोनदा वाचली. सगळ्या चाचण्या पास. मग तिनं पहिला धडा उघडला. पडद्यावर हृदय धडधडायला लागलं, आत रक्ताचे लाल-निळे प्रवाह फिरू लागले. अज्जा चष्मा लावून जवळ आले. "हे आपल्यात असं चालू असतं?"

"दिवसरात्र, मामंजी. नवमीलासुद्धा."

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. सगळे डबे उघडून आम्ही बादलीभर शेवंती काढली, प्रोग्राम आणि धडे कॉपी केले. दुसऱ्या दिवशी तांदळाचा टेंपो दाराशी आला, तेव्हा आठवीची पोरं एकेका पडद्यापुढे तिघं-तिघं दाटून बसली होती. हेडमास्तर हमालाला घेऊन आत आले. एका मुलीनं त्यांना मान वर न करताच सांगितलं, "सर, बाजूला व्हा ना, दिसत नाही."

ते बाजूला झाले. बराच वेळ तिच्या खांद्यावरून हृदय बघत राहिले. काकू फळ्याजवळ खडू घट्ट धरून उभी होती.

"सरी, टीचर, ठीक आहे," शेवटी ते म्हणाले आणि हमालाकडे वळले. "पोती माझ्या ऑफिसात ने."

हमालानं विचारलं, "सर, मग तुम्ही कुठे बसणार?"

"पोत्यांवर," हेडमास्तर म्हणाले.

परवा काकूचा फोन आला होता. आता पालक भेटायला आले की सर त्यांनाही पोत्यावरच बसवतात, आणि एकदा बसलेला पालक लवकर उठत नाही, अशी त्यांची तक्रार आहे.