शून्य गुणांचा बाप

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात मला बापांची परीक्षा घ्यायची नोकरी लागली. गोंदियातल्या एका संस्थेने गरीब बापांना आधार देऊन कुटुंबं मजबूत करायचा प्रकल्प आणला होता. त्यासाठी कुणा विद्वानाने पंख्याखाली बसून फॉर्म तयार केला होता: बाप मुलाशी खेळतो का, गोष्ट सांगतो का, अभ्यास घेतो का. शून्य गुण पडले की मूल थेट नागपूरच्या वसतिगृहात. बापलेकांना तोडून कुटुंब मजबूत करायची ही युक्ती कुणाच्या डोक्यातून निघाली, देव जाणे.

सालेकसाकडच्या एका गावात गेलो तेव्हा तेंदूपत्त्याचा, म्हणजे बिडीच्या पानांचा, हंगाम जोरात होता. बायको वारलेला एक माणूस आठ वर्षांच्या लेकीला घेऊन अंगणात पानांचे पुडे बांधत बसला होता. मी ऐटीत फॉर्म उघडला.

"पोरीशी खेळता का?"

"कायले जी? पुडे बांधून राहिलो ना आमी."

"गोष्ट सांगता?"

"मले कोठी येते?"

"अभ्यास घेता?"

"मी अंगठाछाप मानूस."

तीन प्रश्न, तीन शून्यं. पोरीने दिलेलं पाणी पिऊन मी पुढच्या घरी गेलो.

वसतिगृहात पाठवायच्या मुलांची यादी लागली तेव्हा त्या पोरीचं नाव सगळ्यात वर होतं. बाप गाडीत बसून गोंदियाला आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. "पोरीले नेऊ नका जी. तिच्याबिगर मले कोनी नाई." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संस्थेच्या साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "फॉर्म में खोडाखोड नहीं चलेगी. गलत है तो नया भरके लाओ."

पुन्हा त्या अंगणात जाऊन बसलो, या वेळी तोंड मिटून. पोर मोठ्याने पानं मोजत होती. सत्तर झाली की बाप पुडा बांधी. मधे एक आकडा चुकला, तर बापाने मान हलवली आणि पोरीने पुन्हा एकपासून सुरुवात केली. सकाळभर हेच चाललं होतं, आणि पहिल्या वेळी मी ते बघतच पाणी प्यायलो होतो.

नव्या फॉर्मवर लिहिलं: गणिताचा अभ्यास, रोज चार तास. साहेब खूश झाले. पोरीचं नाव यादीतून गेलं आणि बापाचं नाव अहवालात 'आदर्श पिता' म्हणून छापून आलं. ते त्याला वाचता येणार नव्हतं, तेवढं बरं झालं.

आमगावला घरी आलो, तो महिन्यातला माझा घरचा तिसराच मुक्काम होता. तिसरीतल्या माझ्या लेकीला पिशवीत एक कोरा फॉर्म सापडला. "बाबा, हा तुमचा भरू?"

"भर. पण खोडाखोड चालत नाही, विचार करून लिही."

तिने फारसा विचार केला नाही. तिन्ही शून्यं अगदी गोल, वळणदार काढली आणि सही घ्यायला माझ्यापुढे धरली.