डाव्या बाजूचं बोट

"आधी तो आरसा झाका," ट्रायल रूमचा पडदा ओढल्या ओढल्या बाई म्हणाली.

सांगलीत बायकांच्या आतल्या कपड्यांच्या दुकानात मी अठ्ठावीस वर्षं काम करते. ट्रायल रूममध्ये बायका काय काय करतात ते मला पाठ आहे. लाजतात, पोट आत ओढून धरतात, लाईट बंद करा म्हणतात. पण आरसा झाका असं कुणी सांगितलं नव्हतं. मी कारण विचारलं नाही. काउंटरवरची चादर आणली आणि आरशावर टाकली.

बाईचं नाव संगीता. आटपाडीकडची. घरची डाळिंबाची बाग. पुढच्या महिन्यात थोरल्या मुलाचं लग्न होतं आणि लग्नातला ब्लाउज काही केल्या बसत नव्हता. दोनदा उसवून झाला. शेवटी शिवणाऱ्या बाईनंच सांगितलं, ब्लाउज ठीक आहे, आतलं बदला. म्हणून ती एसटीनं सांगलीला आली होती.

"कुठला साइझ घालताय?" मी विचारलं.

"चौतीस बी. लग्नापासनं त्योच."

हे मला रोज ऐकायला मिळतं. लग्नाआधी कुणीतरी एक साइझ सांगतं आणि बाई तो जन्मभर धरून बसते. दरम्यान बाळंतपणं होतात, पाळी जाते, वजन वाढतं नाहीतर उतरतं. पाळी गेल्यावर छातीचा घट्टपणा कमी होतो, ती खाली उतरते, काखेकडे सरकते. पाठ रुंद होते. साइझ तेवढा बदलत नाही. मग खालचा पट्टा मागून वर चढतो, पुढची तार बरगडीत रुतते, आणि बाई म्हणते माझ्याच अंगाला खोड आहे.

संगीताचा पट्टा पाठीवर चार बोटं वर चढला होता. मी टेप काढला.

"दुखतं कुठं?"

"दुखत न्हाई ताई. पण हितं, डाव्या बाजूला, कुणीतरी बोट टेकवून उभं हाय असं वाटतंय."

टेप माझ्या हातातच राहिला.

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. शब्द न् शब्द हेच. याच खोलीत.

अंगावर आलेला काटा तिला दिसू नये म्हणून मी तिच्या मागे गेले आणि माप घ्यायला लागले. आमचं माप दोन ठिकाणी घेतात. एक छातीच्या खाली, बरगडीवर. तो आकडा म्हणजे पट्ट्याचा नंबर. दुसरं छातीच्या सगळ्यात भरलेल्या भागावर. दोन्हींत जितक्या इंचांचा फरक, त्यावरून कपचं अक्षर ठरतं. एक इंच म्हणजे ए, दोन म्हणजे बी, तीन म्हणजे सी. खाली साडेसदतीस आलं. वर एकेचाळीसला जरा कमी. म्हणजे अडतीस सी. डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली.

"तुमच्या आईचं नाव काय हो?" मी विचारलं.

तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. "लीलावती. का वो?"

"सुभेदारांच्या बाई?"

"व्हय. तुमी वळखत होतासा?"

ओळखत होते. मी कामाला लागले तेव्हा दुकानात आजच्याइतका डब्यातला तयार माल नसायचा. ज्यांना तयार माल बसत नाही त्यांना शिवून द्यायचो. आत्ताच्या मालकीण रेहानाभाभी, त्यांच्या सासूबाई कापायच्या. मापं मी घ्यायची. आधी मांजरपाटाचा कच्चा नमुना शिवायचा, बाईच्या अंगावर घालून बघायचा, मग खरं कापड कापायचं. सुभेदारीणबाई नवऱ्याबरोबर छावण्यांमधून राहिलेल्या. चांगलं बसणारं काय असतं ते त्यांना माहीत होतं, म्हणून आटपाडीहून इथवर यायच्या.

त्या वर्षी त्या तीनदा आल्या. तिन्ही वेळा एकच तक्रार, डाव्या बाजूला कुणीतरी बोट टेकवून उभं आहे. पहिल्यांदा मी पट्टा सैल केला. दुसऱ्यांदा डावा कप थोडा वाढवला. तिसऱ्यांदा अजून वाढवला. नमुना घालून त्या म्हणाल्या, "शैला, आता लय बरं वाटतंय बघ." तो नमुना ठेवून गेल्या आणि शिवलेलं न्यायला परत आल्याच नाहीत. पुढे कधीतरी आटपाडीची दुसरी बाई म्हणाली, सुभेदारीण गेली. छातीत गाठ होती. डाव्या.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार काय? मला कळायला हवं होतं का, हा प्रश्न मी बरीच वर्षं स्वतःला विचारला आणि मग विचारायचा सोडला.

"जरा थांबा," असं म्हणून मी मागच्या खोलीत गेले. सासूबाईंची पत्र्याची पेटी अजून तिथंच आहे. नमुने टाकून द्यायचं कुणाच्या मनात आलं नाही. लीलावतीबाईंचा नमुना कशासाठी शोधतेय हे मलाही नीट कळत नव्हतं. मला वाटतं, मापं वेगळी निघावीत एवढंच मला हवं होतं.

नमुना तळाशी होता. कापड पिवळं पडलेलं. आतल्या बाजूला माझ्याच अक्षरात जांभळ्या पेन्सिलीनं लिहिलेलं: लीलावती, आटपाडी, खाली साडेसदतीस, डावा खांदा अर्धा.

मागे चाहूल लागली. संगीता पदर गुंडाळून दारात उभी होती. तिनं माझ्या हातातून कापड घेतलं. नाव वाचलं.

"घालून बघते," ती म्हणाली.

"नको ओ. जुनं कापड आहे."

"आईचं हाय. द्या."

मी तिला घालायला मदत केली. नमुन्याला हुक नसतात, मागे नाड्या असतात. त्या बांधल्या. कुठे सुरकुती नाही, कुठे ओढ नाही. अठ्ठावीस वर्षांत मी हजारो बायकांना कपडे घातले. पहिल्या फटक्यात इतकं चपखल बसलेलं मी पाहिलं नव्हतं. आणि ते या बाईसाठी शिवलेलंच नव्हतं.

"आता ती चादर काढा," ती म्हणाली.

मी काढली. दुपारची वेळ, दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, पंख्याचा तेवढा आवाज. आरशात बघून ती हळू आवाजात म्हणाली, "गेल्या चार-सहा महिन्यांत अंघोळीला गेलं की आरशात आईच दिसायची. शेवटच्या आजारात मीच तिला अंघोळ घालायची. तिचं अंग मला ठावं हाय. ह्या श्रावणात मी तिच्या वयाची झाले. तवापासनं मी घरातला आरसा काढून ठिवलाय."

मलाही आरशात सुभेदारीणबाईच दिसत होत्या.

मग तिनं डावा हात वर केला, खाली आणला. पुन्हा वर केला. आणि हसली.

"ताई, बोट गेलं!"

"काय?"

"बोट. न्हाई आता. लय बरं वाटतंय बघा."

मला मात्र हसू आलं नाही. यामागचं साधं कारण मला माहीत होतं. पट्टा बरोबर बसला की तार रुतत नाही, भार खांद्यावरून उतरतो, कुठलीही बोच कमी होते. मी अठ्ठावीस वर्षं हेच तर विकत आले. आणि तिच्या आईलाही असंच बरं वाटलं होतं. बरं वाटलं म्हणूनच त्या वेळेत डॉक्टरकडे गेल्या नसाव्यात.

"असंच दोन शिवून द्या मला," संगीता म्हणाली.

"देणार नाही."

"का?"

"आधी तपासून या. मिरजेला. आजच."

तिचा चेहरा बदलला. "तपासायचं कशाला? आता काय होत न्हाई म्हणते मी."

"तुमच्या आईही हेच म्हणाल्या होत्या. मला."

मी सगळं सांगितलं. तीन खेपा, तीनदा बदललेला नमुना. ती ऐकत गेली आणि एकेक नाडी सोडत गेली. मग साडी सारखी केली आणि पडदा झटक्यात बाजूला सारून बाहेर गेली.

"लग्न हाय घरात," ती काउंटरपाशी मोठ्यानं म्हणाली. "मी कापड घ्यायला आले. तुमी मला मरण दाखवायलाय!"

रेहानाभाभींनी मला बाजूला घेतलं.

"शैला, काय चाललंय? आपण माप घेतो. रोग सांगत नाही."

"मी रोग सांगतच नाहीये. तपासा म्हणतेय."

"तिकडं जाऊन सांगेल, त्या दुकानात बायकांना घाबरवतात. कोण येईल मग?"

"भाभी, ती लीलावतीबाईंची मुलगी आहे."

भाभी तेव्हा या घरात नव्यानं सून म्हणून आल्या होत्या. त्यांनी संगीताकडे बघितलं. मग नीट बघितलं, आणि हात काउंटरवर टेकवला.

"या अल्ला," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, त्याच परत आल्या."

त्यांनीच मिरजेच्या एका डॉक्टरबाईंना फोन लावला. मग संगीताला स्टुलावर बसवून पाणी दिलं. "शैला तुझ्याबरोबर येईल. तपासून काही निघालं नाही तर लग्नातलं सगळं आतलं मी स्वतः शिवून देते. निघालं तर लवकर निघालेलं बरं. बस एवढंच."

संगीतानं पाणी पिऊन ग्लास काउंटरवर ठेवला. शेवटी म्हणाली, "घरात कुणाला सांगायचं न्हाई."

"नाही सांगणार," मी म्हणाले.

आम्ही रिक्षानं मिरजेला गेलो. डॉक्टरबाईंनी हातानं तपासलं, आईबद्दल विचारलं आणि जरा रागावल्याच. आईला झालेलं असेल तर मुलीनं फार आधीपासून तपासत राहायला हवं, म्हणाल्या. मग मॅमोग्राफी सांगितली. म्हणजे छातीचा एक्स-रे. छाती दोन पाट्यांमध्ये दाबून फोटो काढतात. दाब बसतो, पण काही क्षणांचं काम असतं. दोन्ही बाजूंचा काढतात. मी बाहेर बाकावर बसले होते. संगीता बाहेर आली आणि माझ्या शेजारी बसली. दोघींचं लक्ष तिच्या डाव्या बाजूकडे.

डॉक्टरबाईंनी आत बोलावलं.

"डावीकडे काही नाही," त्या म्हणाल्या. "एकदम स्वच्छ आहे."

संगीतानं डोळे मिटले. मी श्वास सोडला.

"उजवीकडे आहे. खोल आहे, वाटाण्यापेक्षा लहान. हाताला लागलंच नसतं. सुईनं तुकडा काढून तपासावं लागेल."

उजव्या बाजूला तिला कधी काही झालं नव्हतं. ना टोचणं, ना बोट. उजवी बाजू मीही धड बघितली नव्हती.

"मग डावीकडं काय होतं?" संगीतानं विचारलं.

"ब्राची तार रुतत असणार. साइझ चुकीचा घालत होतात ना?"

मी मान हलवली. तारेचा वळ मी स्वतः पाहिला होता. डॉक्टरबाईंचं म्हणणं बरोबर होतं. परत येताना रिक्षात संगीता म्हणाली, "तार आसंल. पण तार कुणी लावली सांगा." तिच्या मते तिला इथवर आणायला आई तिथं बोट टेकवून उभी होती. मी वाद घातला नाही.

तुकड्याचा रिपोर्ट आला. कॅन्सरच होता, पण अगदी सुरुवातीचा. घरी सांगावं लागलं. नवऱ्यानं लग्न पुढं ढकलायची तयारी दाखवली, तिनं ऐकलं नाही. लग्न पार पडलं, चौथ्या दिवशी ऑपरेशन झालं. छाती काढावी लागली नाही, फक्त गाठ आणि आजूबाजूचा भाग काढला. मग काही आठवडे रोज शेक. शेक म्हणजे रेडिएशन, पण आमच्याकडे सगळे शेकच म्हणतात.

शेक संपल्यावर काही महिन्यांनी ती दुकानात आली. चेहरा उतरलेला, पण डोळे तेच. उजवी बाजू आता जरा लहान झाली होती, कातडी नाजूक झालेली. अशा वेळी तार चालत नाही. मऊ सुती कापड, रुंद पट्टा, पुढून हुक, आणि लहान बाजूला आत पातळ पॅड. भाभींनी ते स्वतः शिवून दिलं. आईचा नमुना आता तिला बसला नसता.

जाताना तिनं मला विचारलं, "ताई, तुमी कवा तपासून आलतासा?"

मी म्हणाले, जाईन सोमवारी.

"कुठल्या सोमवारी?"

मला सत्तावन्नावं वर्ष चालू आहे आणि मी कधीच गेले नव्हते. मी गेले. रिपोर्ट स्वच्छ आला. कपडे घालताना तिथली पोरगेलीशी टेक्निशियन माझ्या पाठीकडे बघून म्हणाली, "मावशी, तुमचा पट्टा किती वर चढलाय. साइझ बदला."

दुकानात येऊन भाभींच्या हातात टेप दिला. मीच दोन नंबरांनी चुकीचा साइझ घालत होते. म्हणून सांगते, वर्षातून एकदा माप घ्या. आणि ते दुसऱ्या कुणाकडून तरी घ्या. स्वतःचं माप स्वतः घेतलं की ते जुनंच येतं.