धोट्याला तोंड लावणार नाही

सुताची कांडी संपली की धोट्यात, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या लाकडी होडीत, नवी घालायची, धोटा ओठाला लावायचा आणि जोरात हवा ओढायची. बारीक भोकातून धागा जिभेवर येतो. भिवंडीतल्या कामतघरच्या आमच्या यंत्रमागाच्या कारखान्यात सगळे असंच करायचे. दिवसपाळीवाला आणि रातपाळीवाला, दोघांना धोटा एकच. किळस करत बसलं तर लूम थांबायचा.

सातवीतून शाळा सुटली आणि मामांनी मला लातूरकडून इथं आणलं. ते मुकादम. खोलीत पथारी, खानावळीत ताट, हाताला काम, सगळं त्यांच्यामुळं. ते उपकार मी आजही मानतो. म्हणून खोकला लागला तेव्हा रोगापेक्षा मामांना कळेल याचीच धास्ती जास्त.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. छातीचे फोटो काढणारी गाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली. माझा रातपाळीवाला जोडीदार म्हणाला, "अंदर मत जा भाई, करंट देते हैं."

गेलो. बनियन काढून गार पाटीला छाती टेकवली आणि मशीनवाल्याला करंटचं विचारलं. तो हसला. "करंट कसला! मागनं किरण येतात, तुझ्यातनं पार होतात. पुढच्या पडद्याला रसायन फासलंय, ते चमकतं. काजव्यापेक्षा मिणमिणता उजेड. कॅमेरा तुझा फोटो काढत न्हाय, त्या उजेडाचा काढतो. साध्या कॅमेऱ्याला तो दिसायचा पण न्हाय. श्वास धर."

धरला, आणि खोकलो.

"परत धर रे बाबा! हलला का फोटो गेला."

मग दवाखान्यातून बोलावणं आलं. डॉक्टरीणबाईंनी ती एवढीशी फिल्म भिंगाखाली धरून मला दाखवली. फुप्फुसात हवा असते तिथं काळं हवं. माझ्या डाव्या बाजूला वर पांढरट डाग होता. थुंकी तपासली. टीबी. "बरा होशील. काही आठवडे कामावर जायचं नाही, तोंडाला फडकं बांधायचं, आणि गोळ्या महिनोन् महिने, एकही चुकवायची नाही. धोट्याला तोंड तर अजिबात नको."

पाळी बदलताना कारखान्याच्या दारात सगळ्यांसमोर जोडीदाराला सांगितलं, "मेरे को टीबी है. फोटो निकाल के आ."

तो भडकला. "तूने मेरे को भी दे दिया?"

"किसने किसको दिया, क्या मालूम. तू जा पहले."

खोलीवर आलो तर मामा माझे कपडे पिशवीत कोंबत होते.

"गप गावाकडं जायचं सोडून गावभर बोंबललास? शेठ माझ्या तोंडात शेण घालंल."

"घालू द्या. गावात दवाखाना कुठंय, मामा?"

"तुझ्या आईला काय तोंड दाखवू?"

"माझं दाखवा. जिवंत असलेलं."

पिशवी त्यांच्या हातातून ओढून घेतली. ज्यांच्या ताटात जेवलो त्यांना कधी उलटून बोललो नव्हतो. एकेक कपडा काढून परत दोरीवर टाकला.

"मग मर इथं," मामा म्हणाले.

"मरायला नाही, गोळ्या खायला थांबतोय."

"लूम धरून ठेवणार नाही मी."

"नका ठेवू."

माझी पथारी मीच उचलून बाहेर गॅलरीत टाकली. लूम खरंच दुसऱ्याला गेला. शेवटची गोळी खाल्ली तेव्हा मी भिवंडीतच होतो, पलीकडच्या गल्लीत, दुसऱ्याच शेठच्या लूमवर.