भाऊंच्या डबीतलं लोखंड

विष्णूभाऊ गेल्याचा फोन गुरुवारी आला. रविवारी मी लोणावळ्याहून कामशेतला त्यांच्याकडे जाणार होते. तीन महिने टाळत आलेली एक गोष्ट त्यांना सांगायची होती... माफी मागायची होती, असंच सरळ लिहिते. त्या फोनला आता दीड महिना झाला.

भाऊ मूळचे आंदर मावळातले. भाताची खाचरं भावाकडे सोपवून ते कामशेतला आले आणि स्टेशनजवळच्या गाळ्यात लोखंड कातायचं लेथ यंत्र टाकून बसले. माझं काम प्रयोगशाळेतलं. आकाशातून पडलेल्या एका दगडात असा स्फटिक सापडला, की त्याची नक्षी शिस्तीत मांडलेली असते, पण तशीच्या तशी पुन्हा कधी येत नाही. अवकाशात दोन दगड आदळून, प्रचंड दाबाखाली तो घडला असावा, असा कयास. ती टक्कर आम्ही इथं घडवून पाहतो. पोलादी डबीत धातूच्या आणि दगडाच्या पातळ चकत्या घट्ट बसवायच्या, तिच्यावर अतिवेगानं गोळी मारायची, मग डबी कापून आत काय झालं ते सूक्ष्मदर्शकाखाली शोधायचं. त्या डब्या भाऊ करायचे. हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते बराच वेळ डबी हातात फिरवत राहिले आणि म्हणाले, "म्हंजी आमी जीव लावून करायची आन् तुमी फोडायची. बरंय." पुढे प्रत्येक भेटीत चहा सांगायच्या आधी त्यांची एकच विचारणा असायची, गावलं का.

एकदा गावल्यासारखं वाटलं, आणि तपासणीत त्यात लोखंड निघालं. आम्ही तर लोखंड घातलंच नव्हतं. मी तडक कामशेत गाठलं आणि गाळ्यात दोन गिऱ्हाइकं उभी असताना भाऊंना नको नको ते बोलले. डबी धुतली नाही, लेथचा चुरा आत राहिला, वर्षाची मेहनत मातीत गेली. माझा स्वभाव तापट, हे काही कौतुकानं सांगत नाही. भाऊंनी मान खाली घातली. "ऱ्हायलं असंल माझ्याकडनं, ताई. म्होरल्या खेपंला न्हाई व्हायचं."

पुढची डबी आरशासारखी आली. तिच्यातही लोखंड निघालं. तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. टकरीच्या माऱ्यानं डबीचीच आतली भिंत वितळून चकत्यांत मिसळत होती, आणि आम्हाला हवा असलेला स्फटिक नेमका तिथंच, त्या लोखंडाला धरून तयार झाला होता. भाऊंची डबी नसती तर तो झालाच नसता. हे फोनवर नको, समोर बसून सांगू, असं म्हणत मी दिवस ढकलले. खरं तर लाज वाटत होती. तेवढ्यात त्यांच्या हृदयानं दगा दिला.

दहाव्यानंतर भाऊंच्या घरी गेले. त्यांच्या बायकोला, वहिनींना, सगळं सांगितलं, फार चुकलं माझं म्हणाले.

"तुमी बोलल्यापास्नं लय मनाला लावून घेतलं व्हतं त्यांनी," वहिनी म्हणाल्या. "डबीला उघडा हात लावत न्हवते. तीन-तीनदा धुयाचे, धुवट फडक्यानं धरायचे. मी म्हणायची, बास की आता."

आतून त्यांनी एक पुडकं आणून माझ्यासमोर ठेवलं. पांढऱ्या फडक्यात भाऊंची शेवटची डबी होती, तयार.

प्रयोगशाळेत तिची वाट पाहताहेत. ती अजून माझ्या टेबलावर आहे. त्या दिवशी वहिनींसमोर मी ती फडक्यातून नुसत्या हातानं उचलली, आणि त्या लख्ख पोलादावर माझी पाचही बोटं उमटली. मी ती पुसलेली नाहीत.